बारा व्होल्टांचा उंदीर

मुलुंड पूर्वेच्या ‘स्नेहवर्धिनी’ सोसायटीत चोवीस बिऱ्हाडं होती आणि मोटार एकच, वेलणकरांची फियाट. शहाऐंशी सालच्या जुलैमध्ये दुसरी मोटार आली. ती थेट तिसऱ्या मजल्यावर, जयवंत परबांच्या घरात आली, आणि तीही सुटकेसमधून.

त्याचं झालं असं. जयवंतचा मेहुणा श्यामकांत अमेरिकेत असतो. त्याला लिहिलेल्या एका पत्रात जयवंतने, हवापाण्याच्या चार ओळी झाल्यावर आता काय लिहायचं म्हणून, ‘आम्हीही आता गाडी घ्यायचा विचार करतो आहोत’ असं लिहून टाकलं होतं. विमा कंपनीतला कारकून असा विचार पत्रातच करू शकतो. जुलैत सुट्टीवर आलेल्या श्यामकांतने सुटकेस उघडली, हातभर लांबीची, रिमोटवर चालणारी लाल मोटार बाहेर काढली आणि म्हणाला, “घ्या भावोजी, तुमची गाडी!” सगळे पोट धरून हसले. जयवंतही हसला. सासरच्या विनोदाला हसावंच लागतं, त्यात निवड नसते.

गाडी मात्र झकास होती. पण तिची बॅटरी होती रिकामी, आणि बॅटरी भरायचा जो चार्जर होता त्याला प्लगच नव्हता. दोन वायरी, एक लाल, एक काळी, आणि टोकांना दातेरी चिमटे.

“हे लावायचं कुठे?” जयवंतने विचारलं.

“तिकडे काय, आपल्या मोटारीचं बॉनेट उघडायचं, बॅटरीला चिमटे लावायचे. पंधरा मिनिटांत काम खलास.”

“आणि इकडे?”

“इकडे बघा काहीतरी जमवून. बारा व्होल्ट मिळाले की झालं,” असं म्हणून श्यामकांत आठवड्याने विमानात बसून गेला. मागे राहिले ते बारा व्होल्ट.

एवढ्यावर गाडी कपाटावर जाऊन बसली असती आणि ही गोष्ट झालीच नसती. पण ऑगस्टात सोसायटीच्या गणपतीची मीटिंग झाली. सेक्रेटरी विद्याधर कर्णिक मीटिंगचं इतिवृत्त स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहीत. देखाव्याचा विषय निघाला तेव्हा ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “परब, यंदा तरी तुमच्याकडून काही येऊ द्या. दरवर्षी तुमचा सहभाग आपला आरतीतल्या टाळ्यांपुरता!”

माणसाला राग आला की तो एकतर भांडतो, नाहीतर काहीतरी कबूल करून बसतो. जयवंत दुसऱ्या जातीचा. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, “यंदा देखावा हलता असेल. बाप्पाचा उंदीर पाठीवर मोदक घेऊन स्टेजभर पळेल आणि बाप्पाच्या पायाशी येऊन थांबेल. माझी जबाबदारी.”

कर्णिकांनी पेनचं टोपण काढलं आणि लिहिलं, ठराव क्रमांक सात. कर्णिकांच्या वहीत एकदा उमटलेली गोष्ट मागे घेता येत नसे. जयवंत घरी आला तेव्हा त्याला पहिल्यांदा आठवलं की त्या लाल मोटारीची, म्हणजे उंदराची, बॅटरी अजून रिकामी आहे.

सुलक्षणाने, म्हणजे जयवंतच्या बायकोने, कागदाच्या लगद्याचा सुबक उंदीर केला, सुतळीची शेपटी लावली आणि मोटारीवर बसवला. तिचं काम दोन दिवसांत झालं. उरलं फक्त बारा व्होल्टांचं. त्यासाठी सगळी सोसायटी परबांकडे लोटली. चहावर चहा झाले. चार्जर या हातातून त्या हातात फिरला.

आता इथे जयवंतच्या वडिलांविषयी सांगायला हवं, कारण ते त्याच खोलीत होते आणि त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. धोंडिराम परब, सगळे त्यांना नाना म्हणत. लालबागच्या एका गिरणीत एकतीस वर्षं वायरमन. ब्याऐंशीच्या संपात गिरणीचं फाटक बंद झालं ते त्यांच्यासाठी उघडलंच नाही. चाळीतली खोली भावाला देऊन ते मुलाकडे राहायला आले. गिरणीतून आणलेली हत्यारांची कॅनव्हासची पिशवी त्यांनी दारामागच्या खिळ्याला अडकवली, आणि ती चार वर्षं तिथेच होती. नाना गॅलरीच्या दाराशी खुर्चीत बसत. सकाळी बसत, संध्याकाळी उठत. एका रविवारी जयवंत त्यांना म्हणाला होता, “नाना, आज सुट्टी आहे, जरा आडवे व्हा की.” तर ते म्हणाले, “माका कसली रे सुट्टी?” जयवंतला त्या वेळी त्यात काही विशेष वाटलं नाही.

जयवंतचं बापावर प्रेम होतं हो, अगदी मनापासून होतं. घरातला बल्ब गेला तरी तो नानांना उठू देत नसे. “तुम्ही बसा नाना, खूप केलंत आयुष्यभर,” म्हणे आणि खालच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून आणे. यालाच तो सेवा समजत होता. आपण सगळेच समजतो.

तर त्या गर्दीत, सगळे बारा व्होल्ट बारा व्होल्ट करत असताना, खुर्चीतून आवाज आला, “ह्यां अँपिअर किती खाता?”

कर्णिक समजुतीच्या सुरात म्हणाले, “नाना, इथे प्रश्न व्होल्टचा आहे.”

दोघे-तिघे हसले. जयवंतला उगाचच लाजल्यासारखं झालं, आणि तो म्हणाला, “नाना, चहा घ्या तुम्ही.” नानांनी चहा घेतला.

पहिला मान कर्णिकांच्या एलिमिनेटरचा. म्हणजे तो काळा डबा, जो भिंतीतल्या प्लगला लावला की ट्रान्झिस्टर सेलशिवाय चालतो. त्यावर एक खटका होता आणि खटक्यापुढे स्वच्छ लिहिलं होतं, बारा. “घ्या! घरात होतं आणि आपण गावभर शोधतोय,” कर्णिक म्हणाले. चिमटे जोडले. चार्जरवरचं पंधरा मिनिटांचं घड्याळ टिकटिकू लागलं. दुसऱ्या मिनिटाला जळक्या रबराचा वास आला आणि तिसऱ्या मिनिटाला डब्यातून धूर निघाला. कर्णिकांनी त्या डब्यावर बारा वर्षं सकाळच्या बातम्या ऐकल्या होत्या. त्यांनी तो रुमालात गुंडाळला आणि एक शब्द न बोलता जिना उतरले. तो एक शब्द पुढे तीन आठवडे ते रोज बोलत होते.

मग वेलणकरांची फियाट. नंदकुमार वेलणकर ती गाडी फक्त रविवारी बाहेर काढत, आणि एरवी तिच्यावर असं आच्छादन असे की आत गाडी आहे हे विश्वासानेच मानायचं. खूप विनवण्यांनंतर ते शनिवारी राजी झाले. बॉनेट उघडलं, चिमटे लावले, पंधरा मिनिटं झाली, आणि काय सांगू, उंदीर पळाला! कंपाउंडमध्ये दोन गोल फेऱ्या मारून आला. बायका गॅलरीतून टाळ्या वाजवत होत्या. जयवंतला वाटलं, जिंकलो. त्याच भरात अजून एकदा, आणि मग अजून एकदा चार्जिंग झालं.

दुसऱ्या दिवशी वेलणकरांना मुलीला दाखवायला पार्ल्याला जायचं होतं. पैठणी, अत्तर, पेढ्यांचा पुडा, सगळे गाडीत बसले. वेलणकरांनी किल्ली फिरवली. गाडीने एक सुस्कारा टाकला आणि ती गप्प झाली. शेवटी खुद्द वधूने आणि तिच्या आईने पैठण्या खोचून फियाट रस्त्यापर्यंत ढकलली. मागून जयवंतही ढकलत होता, पण त्याचं पुण्य कोणी मोजलं नाही. “परब, माझ्या मुलीचं लग्न तुमच्या उंदरामुळे मोडलं तर बघा!” वेलणकर खिडकीतून ओरडले. लग्न ठरलं, ते सोडा, पण बॉनेट मात्र कायमचं बंद झालं. कमिटीने निष्कर्ष काढला की बॅटरी ही भरवशाची वस्तू नव्हे. वीज हवी तर थेट घ्यावी.

थेट वीज म्हणजे मंडपासाठी तात्पुरतं कनेक्शन, आणि कनेक्शन म्हणजे फॉर्म. जयवंत अर्धी रजा टाकून विजेच्या ऑफिसात गेला. फॉर्मात एक रकाना होता, ‘उपकरणाचे नाव’. खोटं लिहायचा त्याचा स्वभाव नाही. त्याने लिहिलं, उंदीर.

खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म दोनदा वाचला. “घरगुती की व्यापारी?”

“धार्मिक,” जयवंत म्हणाला.

“तसा कॉलम नाही. लोड किती?”

“बारा व्होल्ट.”

“अहो साहेब, व्होल्ट नाही विचारले. खातो किती हा तुमचा उंदीर? ते लिहून आणा, सेक्रेटरींची सही घेऊन. पुढे कोण?”

जयवंत बाजूला झाला. बारा वर्षं तो स्वतः असल्याच एका खिडकीच्या आत बसून लोकांचे फॉर्म परत करत आला होता. ‘हे लिहून आणा, पुढे कोण’ हे त्याचंच वाक्य होतं. खिडकीच्या बाहेरून ते कसं ऐकू येतं हे त्याला आज कळलं, आणि बसस्टॉपपर्यंत तो मान खाली घालून चालत गेला.

शेवटचा उपाय लॅमिंग्टन रोडच्या विजेच्या सामानाच्या बाजाराचा. तिथल्या दुकानदाराने “बारा व्होल्टका पॉवर सप्लाय? एकदम फर्स्टक्लास” म्हणून एक लोखंडी पेटी त्याच्या हातात ठेवली. ती इतकी जड होती की जयवंतला वाटलं, एवढं वजन आहे म्हणजे आत काहीतरी असणारच. रविवारी संध्याकाळी, टीव्हीवरचा सिनेमा ऐन रंगात आलेला असताना, त्याने पेटी भिंतीला लावली आणि चिमटे जोडले. पेटी आधी गुणगुणली. मग कण्हली. मग खालच्या मीटरच्या खोलीत फट्‌ असा आवाज झाला आणि दोन्ही विंगचे दिवे गेले.

चोवीस घरांतले सिनेमे एकदम बंद पडले. जिन्यात लोक जमले. त्यात नायिकेचा बाप मरणार की नाही हा प्रश्न अर्धवट राहिलेला. लोकांचं बोलणं तुम्ही कल्पनेनेच ऐका. कर्णिक टॉर्च घेऊन वर आले आणि थंडपणे म्हणाले, “परब, उद्यापर्यंत वाट बघतो. नाहीतर ठराव सात रद्द, आणि गेल्या वर्षीचं थर्माकोलचं देऊळ. कारण मात्र वहीत सविस्तर लिहावं लागेल.”

गणपतीला चार दिवस होते. जयवंत मेणबत्तीच्या उजेडात त्या लोखंडी पेटीकडे बघत बसला. उंदीर टेबलावर होता, पाठीवर मोदकासाठी केलेली खोबणी रिकामी.

सुलक्षणा आली, समोर बसली. “एक बोलू? सगळ्या मुलुंडला विचारून झालं तुमचं. वेलणकरांना विचारलंत, कर्णिकांना विचारलंत, लॅमिंग्टन रोडला जाऊन आलात. घरात एकतीस वर्षांचा वायरमन बसलाय.”

“अगं, गिरणीतल्या मोठमोठ्या मोटारी वेगळ्या, हे अमेरिकन... आणि त्यांना कशाला त्रास?”

“त्रास?” सुलक्षणाचा आवाज चढला. “चार वर्षांत त्यांना कोणी कसला त्रास दिलेला नाही. कधी बघितलंय त्यांच्या तोंडाकडे?”

जयवंतने खुर्चीकडे पाहिलं. नाना अंधारात गॅलरीकडे तोंड करून बसले होते. त्या दिवशी ‘चहा घ्या तुम्ही’ म्हणालो, ते त्याला आठवलं. चूक व्होल्टची नव्हती. घरी आलेल्या माणसांसमोर आपल्याला आपल्या बापाची लाज वाटली होती, एवढंच खरं होतं, आणि ते मान्य करायला दिवे जावे लागले.

विचारायचं तरी कसं? लहानपणी सायकलची साखळी निसटली की तो जसा जाऊन उभा राहायचा तसाच चार्जर हातात घेऊन जाऊन उभा राहिला. “नाना, हे जरा बघता? मला जमत नाहीये.”

नानांनी लगेच हात पुढे केला नाही. चष्मा काढला, पुसला, घातला. मग चार्जर घेतला आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे तो उलटा केला. महिनाभर सगळ्या सोसायटीच्या हातातून फिरलेला तो डबा आजवर कोणी उलटा केला नव्हता. खाली बारीक अक्षरांची पट्टी होती. नानांनी मेणबत्ती जवळ ओढली.

“पाच अँपिअर,” ते म्हणाले. “कर्णिकांचो डबो अर्धो अँपिअर देता. तुझी पेटी फार तर दोन. टाकी उंच असान काय उपयोग, झिला? नळ बारीक आसा तर बालदी कशी भरतली?”

मुलुंडला पाण्याची जी अवस्था होती, त्यामुळे हे जयवंतला तत्काळ समजलं. “मग फियाट?”

“ता तेवढा बराबर होता. पण ती बॅटरी आधीच मेलेली. दर रविवारी चालू करतत तेव्हा मी हयसून आवाज ऐकतंय. पाणीच घालूक नाय तिच्यात कोणी.” नानांनी चार्जर खाली ठेवला. “गणपतीक स्पीकर कोण लावता?”

“भीमराज. मंडपवाला.”

“लाईट गेल्यार तेचो अँप्लिफायर कशार चलता?”

जयवंतला एकदम आठवलं. भीमराजची ट्रकची बॅटरी! दरवर्षी स्टेजच्या मागे लाकडी खोक्यात ती भलीमोठी बॅटरी असायची. बारा व्होल्ट. मंडप बांधला की पहिल्या दिवसापासून तिथेच. गेली तीन वर्षं जयवंत आरतीचं तबक त्याच खोक्यावर ठेवत आला होता.

“तुम्हाला हे पहिल्याच दिवशी माहीत होतं?” त्याने विचारलं.

“विचारल्यान काय कोणी?” नाना म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

मग ते उठले, दारामागे गेले, आणि खिळ्यावरून पिशवी काढली. पक्कड, टेस्टर, इन्सुलेशनची टेप, सगळं जागच्या जागी होतं. “आधी खालचो फ्यूज बघूया. लोकांचो सिनेमा रवलो हा,” असं म्हणून चार वर्षांत पहिल्यांदा ते कोणी न सांगता जिना उतरले. दहा मिनिटांत दिवे आले. नायिकेचा बाप तोवर मेला होता, पण ते नानांच्या हातात नव्हतं.

पुढचं भराभर झालं. भीमराज आधी कुरकुरला, “नाना, माझी बॅटरी बसली तर माझी वाट लागेल.” नानांनी त्याच्या बॅटरीची झाकणं उघडून आत डोकावून त्याला अशा काही गोष्टी सांगितल्या की तो गप्प उकिडवा बसून ऐकू लागला. वेलणकरांच्या फियाटमध्येही डिस्टिल्ड वॉटर पडलं. प्रतिष्ठापनेच्या सकाळी पहिली आरती संपली, जयवंतने रिमोट दाबला, आणि लगद्याचा उंदीर पाठीवर मोदक घेऊन स्टेजभर गोल फिरून बरोबर बाप्पाच्या पायाशी थांबला. “मोरया!” असा काही गजर झाला की कर्णिकांच्या हातातलं पेन खाली पडलं. दुसऱ्या फेरीत उंदीर कर्णिकांच्या सोवळ्यात शिरला, पण त्याची नोंद वहीत नाही.

एका चार्जिंगवर उंदीर सात-आठ मिनिटं पळे, आणि पुन्हा भरायला पंधरा मिनिटं लागत. म्हणजे कोणीतरी सतत बॅटरीशी बसायला हवं. ते कोण बसणार हे कोणी ठरवलं नाही. पाचही दिवस सकाळी सातच्या ठोक्याला नाना गिरणीचा खाकी शर्ट घालून, पिशवी आणि सुलक्षणाने दिलेला डबा घेऊन खाली उतरत. “पाळीवर जातंय,” एवढंच सांगत. स्टेजच्या मागे फळ्यावर त्यांनी खडूने वेळापत्रक लिहिलं होतं. जयवंतने एकदा मुलांच्या आग्रहाने लागोपाठ तिसरी फेरी मागितली तर म्हणाले, “तापलो हा तो. आता बसान रवांदे. यंत्राक पण सुट्टी लागता.” आणि जयवंतने, मुकाट्याने, रिमोट खाली ठेवला.

पाचव्या दिवशी बाप्पा गेले. रात्री मंडप सुटला, भीमराज बॅटरी घेऊन गेला, उंदीर कपाटावर गेला. जयवंतला झोप लागेना. उद्या सकाळी सातला नाना काय करतील? पुन्हा ती खुर्ची, पुन्हा ती गॅलरी. पाच दिवसांसाठी माणसाला कामावर घ्यायचं आणि सहाव्या दिवशी फाटक बंद करायचं, म्हणजे आपणही तेच केलं की काय, असं काहीतरी त्याच्या मनात येत राहिलं.

सकाळी सातला बेल वाजली. दारात कर्णिक. मागे जिन्यात पहिल्या मजल्यावरच्या जयंतीबाई, हातात मिक्सर. त्यांच्या मागे वेलणकर.

“या, या. काय काम काढलंत?” जयवंत म्हणाला.

“तुमच्याकडे नाही,” कर्णिक म्हणाले. “नाना आहेत ना? पाण्याचा पंप आवाज करतोय. म्हटलं एकदा त्यांनी बघावा.”

जयवंतचा चेहरा उजळला. तो जवळजवळ धावतच आत गेला. नाना खुर्चीत नव्हते. पलंगावर पाय लांब करून, डोक्याखाली हात घेऊन पडले होते. खाकी शर्ट धुऊन दोरीवर वाळत होता.

“नाना, उठा! कर्णिक आलेत, पंप बिघडलाय. सगळे तुम्हाला बोलावतायत!”

नानांनी एक डोळा उघडला. दाराकडे बघितलं, मुलाकडे बघितलं. मग सावकाश कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

“उद्या येतंय म्हणान सांग तेंका,” ते म्हणाले. “आज माझी सुट्टी आसा.”